फोडायचा मान

पर्यटकांच्या टेंटच्या जागेवरून चार वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे आदिनाथ आणि संदेश मंगळवारी दुपारी एका सतरंजीवर बसले, आणि ते बघून आदिनाथच्या आईला, रतनबाईंना, धास्तीच वाटली. संदेशच्या साखरपुड्याला आदिनाथ गेला नव्हता. आदिनाथच्या मुलीच्या बारशाला संदेश उर्से गावातल्या कंपनीत मुद्दाम ओव्हरटाइम लावून बसला होता. या दोन चुलत भावांना जवळ आणायला रतनबाईंनी कुठल्या देवाला साकडं घातलं नव्हतं ते विचारावं. आता दोघांची डोकी एका कागदावर वाकली होती. देवानं ऐकलं खरं, पण कुठल्या वेळी ऐकावं याला काही सुमार असतो की नाही!

कागदावर संदेशनं मुद्दे काढून आणले होते. तो कंपनीत सेफ्टीचं काम बघायचा. अपघात झाला की काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे या घरात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"तलाठी भाऊसाहेब तीनला येनार," दत्तोबा म्हणाले. ते रतनबाईंचे धाकटे दीर आणि संदेशचे वडील. थोरला भाऊ गेल्यापासून घराचं कारभारपण त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते त्यांनी कधी कुणाला विसरू दिलं नव्हतं. "त्याच्या आत सगळ्यांचं बोलनं एक झालं पायजे. एकानं आंबा म्हनायचं न् दुसऱ्यानं चिंच, आसं नगं."

"अवघड काय आहे त्यात, आबा? ऐन पौषात आभाळ फाटलं. ओढ्याला लोंढा आला, बांध वाहून गेला, एक बाई गेली. नैसर्गिक आपत्ती. संपलं."

एक बाई. माजघराच्या दारात उभ्या असलेल्या रतनबाईंनी चौकट धरली. त्या लग्न होऊन भाजे गावात आल्या त्याच साली गंगी ओढ्याच्या खालच्या वाडीवर कोंडूच्या घरी नांदायला आली होती. भाताच्या छत्तीस आवण्या दोघी एका रांगेत वाकल्या. चिखलात गंगीनं गाणं उचलायचं आणि रतनबाईंनी झेलायचं. आदिनाथच्या वेळी त्यांना कळा सुरू झाल्या तेव्हा भर पावसात सुईणीला आणायला धावली ती गंगीच. तिचा चहाचा कप मात्र शेवटपर्यंत वळचणीला वेगळा पालथा घातलेला असायचा, हेही खरं. माणसाचं प्रेम असतं तेही असं, आपल्या सोयीनं मोजून मापून.

शनिवारी ती गेली. रविवारी सकाळी दीड मैल खाली करंजाच्या मुळांत सापडली. पोलिसांचे कागद होऊन संध्याकाळी ओढ्याकाठी तिला माती दिली. तेव्हापासून कोंडू भेटेल त्याला एकच विचारत होता. बायको कशी गेली, हे त्यानं विचारलं नाही. लोंढा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तो विचारायचा, ती बांधाखाली गेलीच कशाला?

लोक म्हणायचे, पावसानं खेकडी बाहेर पडली असतील, ती धरायला गेली असेल. कोंडू मान हलवायचा आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच विचारायचा. उत्तर एकट्या रतनबाईंना ठाऊक होतं.

या घराचा आणि त्या बांधाचा संबंध जुना. भातं निघाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून दरवर्षी ओढ्याला आडवा बांध घालायचा, आणि अडलेल्या पाण्यावर मसूर, हरभरा, घरापुरता कांदा काढायचा. रतनबाईंचे सासरे कडक माणूस, पण शहाणा. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, बांधायचा मान आपला, फोडायचा मान वाडीचा. सुटलेलं पाणी पहिलं ज्याच्या दारात जाणार, त्यानंच ठरवावं कधी सोडायचं ते. तेव्हापासून आधी कोंडूचा बाप आणि मग कोंडू, आभाळ भरलं की येऊन मधल्या गोण्या काढून टाकायचे. विचारायचे नाहीत. घरातलं कुणी गोणीला हात लावायचं नाही. पुढं आदिनाथनं काठावर टेंट लावले, बांधावर गोण्यांचे दोन थर चढले, पाण्यावर रंगीत दिव्यांच्या माळा आल्या, शनिवार-रविवारी मुंबईची पोरं पाण्यात पाय सोडून फोटो काढू लागली. तरी फोडायचा मान होता तिथंच होता.

"सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा," संदेशनं कागदावर बोट ठेवलं. "बांध फोडायचं काम कुणाचं? कोंडूचं. आख्ख्या गावाला माहीत आहे. मग पाऊस दिसत असताना त्यानं फोडला का नाही? हे आपण बोलायचं नाही. भाऊसाहेबच विचारतील. आपण फक्त म्हणायचं, बांधाचं सगळं कोंडूकडं असतं."

आदिनाथनं वर पाहिलं. त्याला पोहायला कोंडूनं शिकवलं होतं, कंबरेला दोर बांधून, याच ओढ्यात. "त्याची बायको गेलीया, संदेश. आन् तो दुपारी विचाराया आलता. आई म्हनली, ऱ्हाऊ दे."

"कुणी ऐकलं?"

"मी हुतो की तितं."

"मग तू नव्हतास तिथं." संदेशचा आवाज मऊ झाला. "दादा, तुझे टेंट कायमचे बंद होतील, ते जाऊ दे. काकीचं नाव कागदावर आलं तर? या वयात पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायला लावणार आहेस तिला? आणि कोंडूचाही विचार कर. आपत्ती लिहिली तर त्याला सरकारची मदत मिळेल. माणसाची चूक लिहिली तर तेही नाही."

चार वर्षांनी त्याच्या तोंडून 'दादा' आलं होतं. आदिनाथ सतरंजीची दशी ओढत राहिला. "मला न्हाई पटत," तो म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता.

"पटायचं काय त्यात?" दत्तोबा म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

इतका वेळ पडवीच्या कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली माधवी पहिल्यांदाच बोलली. आदिनाथची बायको, घरात शहाणी म्हणून नावाजलेली. गेल्या चार वर्षांत तिनं संदेशला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हातानं दिला नव्हता.

"संदेश भावजी म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "आत्यांचं नाव कुठंच यायला नको. त्या बसूच नयेत भाऊसाहेबांसमोर."

आदिनाथ तिच्याकडे बघतच राहिला. दत्तोबांनी समाधानानं मान डोलावली. सारं घर एका बाजूला झालं होतं. रतनबाई मागच्या मागं वळून स्वयंपाकघरात गेल्या.

पाठोपाठ माधवी आली. तिनं दार लोटलं, सुपातल्या शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, तुम्ही काही बोलू नका. माझी शपथ आहे."

"का गं? तुला एकदम संदेशचा येवडा पुळका का आला?"

माधवीनं फडताळाकडे बोट केलं. वरच्या फळीवर टेंटच्या जेवणावळीचं मोठं पातेलं उपडं घातलं होतं. एका बाजूनं चेपलेलं, घासून लख्ख केलेलं.

"रविवारी सगळे तिकडं गंगीमावशींना बघायला धावले, तेव्हा हे मला खालच्या वळणावर सापडलं. झुडपात अडकलं होतं. मी पदराखाली झाकून आणलं. आत्या, मावशी खेकड्यांना गेल्या नव्हत्या. भांडी घासायला गेल्या होत्या. आणि स्वतःहून गेल्या नसणार."

रतनबाईंनी पातेलं खाली काढून त्याच्या चेपलेल्या बाजूवर हात फिरवला. तीन दिवस एकटीनं उरावर घेतलेला धोंडा दुसऱ्या कुणाला तरी दिसत होता, याचंच त्यांना आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

"लाइट गेलती," त्या म्हणाल्या. "टाकीत पानी न्हाई. तीस मानसांची खरकटी भांडी पडल्याली. पाऊस थांबला हुता घटकाभर, ऊन बी पडलं हुतं. कोंडू येऊन म्हनला, बाई, डोंगरावर आजून काळं हाय, फोडू का? म्या म्हनलं, पावनी पान्यात बसल्यात, आताच डोह रिता केला तर काय म्हनतील, सांजच्याला बघू. तो गेला बैलं आनाया. न् मंग गंगी आली. म्हनली, भांडी आनते घासून. ती निघालीती वरच्या अंगाला, डोहावर."

"मग?"

"म्या हाक मारली. म्हनलं, तितं नगं. पावन्यांच्या म्होरं खरकटं नगं. बांधाच्या खाली जा." रतनबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढून त्या म्हणाल्या, "ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, व्हय की, त्यांचं फोटू खराब हुतील. आन् हासली."

माधवीलाही रडू फुटलं. तिनं सासूचे हात हातात घेतले. "पाणी तसंही आलंच असतं, आत्या. एवढा पाऊस वर झाला..."

"आलं आसतं. पर हळूहळू चढलं आसतं. त्या पोरीचा जल्म ओढ्यावर गेलाय, गढूळ पानी बघूनच ती बाहीर आली आसती. ह्ये भिताड कोसळल्यागत आलं. आन् तो इचाराया का आला, माधवे? त्याच्या बापानं कदी इचारलं न्हाई. त्यानं कदी इचारलं न्हाई. गेल्या सालापातूर."

माधवीला तो दिवस आठवला. गेल्या साली माघात आभाळ आलं म्हणून कोंडूनं गोण्या काढल्या होत्या. थेंब पडला नाही आणि मसूर वाळून गेला. रतनबाईंनी कामाच्या बायकांसमोर त्याला फाडून खाल्लं होतं. मनाला येईल तवा फोडायला ह्यो काय तुज्या बापाचा बांध हाय, असं म्हणाल्या होत्या. पहिली गोणी ज्यानं रचली तो कोंडूचा बापच होता, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कोंडूनं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि यंदा तो विचारायला आला. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

"त्याला ठाऊक नाही ना, तुम्ही धाडलं ते?" माधवीनं विचारलं.

"न्हाई."

"मग राहू द्या. सांगून मावशी परत येणार आहेत का? त्याला आणखी एक दुःख होईल. तुमची पंचाईत होईल. घर नुकतं जुळतंय."

बोलणं खोटं नव्हतं, आणि माधवीच्या मनात मायाच होती. रतनबाईंना क्षणभर वाटलं, खरंच, गप्प बसावं. म्हातारपणी सुनेनं इतकं जपावं, दोन्ही पोरं एका सतरंजीवर बसावीत, आणखी काय मागायचं? पुढची किती वर्षं असायची आपली? हां हां म्हणता निघून जातील. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

तलाठी तरुण होता, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. तीन दिवस वाड्यावाड्यांतून पंचनामे करून त्याचे डोळे खोल गेले होते. दत्तोबांनी त्याला खुर्ची दिली. कोंडूला बोलावणं गेलंच होतं. तो आला आणि नेहमीसारखा पायरीवर बसला. बरोबर त्याची लेक मंगल होती, सासरहून मातीला आलेली. ती बापाच्या मागं, भिंतीला टेकून उभी राहिली.

रतनबाई दाराच्या आत थांबल्या. माधवीचा हात त्यांच्या दंडावर होता.

संदेशनं सगळं नीट सांगितलं. पाऊस, लोंढा, वाहून गेलेले दोन टेंट, सुखरूप निघालेले पाहुणे. तलाठी लिहीत होता. मग त्यानं अपेक्षेप्रमाणे मान वर केली. "हा बांध पावसाच्या आधी काढायला हवा होता. ते कुणाकडं असतं?"

"बांधाचं सगळं कोंडूकडं असतं," दत्तोबा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

"खरं का हो, काका?"

"व्हय," कोंडू म्हणाला. "फोडायचा मान माजा."

"मग फोडला का नाही?"

आता तो बोलेल, रतनबाईंना वाटलं. आता तो माझ्याकडे बोट करील. करू दे, देवा, एकदाचं करू दे त्याला.

"चुकलं माजं," कोंडू म्हणाला. "लिवा. म्या फोडाया पायजे हुता, न्हाई फोडला."

दत्तोबांनी सुस्कारा सोडला. कोंडू मात्र तलाठ्याकडेच बघत होता. "भाऊसाहेब, तुमी शिकल्यालं मानूस. मला येवडं सांगा. ती खाली कशाला गेलती? हितली सगळी म्हनत्यात खेकड्याला. आवकाळी पाऊस, वरनं काळं आभाळ. तिला कळत न्हवतं व्हय?"

तलाठ्यानं पेन टेकवलं.

रतनबाईंनी माधवीचा हात हलकेच सोडवला.

"कोंडू, म्या धाडली तिला."

"वैनी, तुमी आत जावा," दत्तोबा उठून उभे राहिले.

"आतच हुते मी तीन दिस, भावजी." त्या पडवीत आल्या. कोंडूच्या पायरीच्या वरच्या पायरीवर बसल्या आणि सगळं बोलल्या. तो विचारायला आला होता ते. आपण नको म्हटलं ते. लाइट, भांडी, पाहुणे. गंगी डोहाकडे निघाली होती आणि आपण तिला हाक मारून बांधाखाली पाठवलं ते. "आन् तू इचाराया आलास त्ये बी माज्याच जिभेपायी. माघात तुला बोलले नसते तर तू सरळ गोन्या काढल्या आसत्यास. भाऊसाहेब, ह्येची चुकी लिवू नका. माजी लिवा. माजं नाव रतनबाई."

"काकी!" संदेश ओरडला. "भाऊसाहेब, तिची तब्येत बरी नाही, तीन दिवस अन्न नाही पोटात..."

"तब्येत बरी हाय तिची." आदिनाथ सतरंजीवरून उठला होता. तो पायरीपाशी आला आणि आईच्या खाली, कोंडूच्या शेजारी चिखलातच बसला. "कोंडूकाका इचाराया आला तवा मी तितंच हुतो. मी बी ऐकलंय. माजं बी लिवा."

संदेशनं हातातला कागद चुरगळला. सतरंजीवर तो आता एकटाच होता. चार वर्षांनी जुळलेलं ते एवढ्यातच तुटलं, हे रतनबाईंना दिसलं आणि त्याचं वाईटही वाटलं. पण त्यांचे डोळे कोंडूच्या तोंडाकडे होते. त्यानं शिव्या द्याव्यात, ओरडावं, अंगावर धावून यावं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी त्याची तयारी करून ठेवली होती.

कोंडूनं पायावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडला.

"कामाला गेलती व्हय ती," तो म्हणाला.

"व्हय रं."

"तुमीच धाडलीती."

"मीच."

"आन् म्या तीन दिस तिला शिव्या देतुया." त्यानं लेकीकडे पाहिलं. "मंगल, तू ऐकलंस की गं. माती देताना सगळी रडत हुती, न् म्या तिला म्हनलं, भवाने, खेकड्यापायी मेलीस. जिभंपायी मेलीस. मला उगड्यावर टाकून गेलीस. तोंडात पानी घालताना बी म्या तिला बरं बोललो न्हाई."

"दादा, आसू द्या," मंगल म्हणाली आणि तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याला कळलाच नसावा.

कोंडू गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि पायऱ्या उतरू लागला.

"आरं, कुटं निगालास?" दत्तोबा म्हणाले. "आंगठा ऱ्हायलाय तुजा."

"तिच्याकडं जातो. सांगाया."

रतनबाई गडबडीनं उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्याच्यामागं दोन पायऱ्या उतरल्या. "थांब कोंडू, मी बी येते. मला बी तिच्या पाया पडायचं हाय."

तो वळला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

"तुमी नगा येऊ, बाई," तो म्हणाला. "तुमी माफी मागितली तर ती लगीच दील. तुमचं तिनं कदी मोडलं न्हाई. आदी मला मागू द्या."

तो ओढ्याच्या वाटेला लागला आणि मंगल त्याच्या मागून गेली. रतनबाई दुसऱ्या पायरीवर होत्या तिथंच बसल्या, आणि गंगी गेल्यापासून पहिल्यांदा, भरल्या घरासमोर, मोठ्यानं रडल्या.